गाडी वर्दीवर होती

ती घटना मी विसरलेलो नाही, विसरण्याचा प्रयत्न मात्र पुष्कळ केला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सांगलीच्या हद्दीला खेटून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गळिताचा हंगाम चालू होता. एका सकाळी उसाच्या ट्रकने वळणावर एका खासगी मोटारीला ठोकरले. माणसे बचावली, मोटारीचे तोंड मात्र पार चेपले.

मोटार पलीकडच्या, सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या निवृत्त सुभेदारांची. त्यांच्या पत्नीला काचबिंदू होता. दर पंधरा दिवसांनी तिला मिरजेला डॉक्टरांकडे न्यावे लागे, आणि एसटीचा प्रवास तिला सोसत नसे. केवळ त्यासाठी त्यांनी ही जुनी मोटार घेतली होती. विमा पूर्ण होता, तेव्हा दुरुस्ती कंपनी करून देईल, म्हणून ते निर्धास्त होते.

दोनच दिवसांनी टॅक्सी अड्ड्यावरचा एक चालक न बोलावता ठाण्यात आला.

"सायेब, त्या सुभेदाराची गाडी भाडी मारती. त्या दिवशीबी वर्दीवरच हुती. त्याच्याच तोंडनं ऐकलं मी."

अड्ड्यावर ठरवून मिळालेल्या भाड्याला वर्दी म्हणतात. खासगी म्हणून विमा उतरवलेली मोटार भाड्याने चालवली, तर दावा बाद होतो. विमा कंपनीने जबाबांच्या नकला मागितल्याच होत्या. न बोलावता खबर द्यायला येणाऱ्याचे पोट कुठे दुखते आहे ते आधी पाहावे, असे पुढे मी नव्या फौजदारांना सांगत असे. त्या दिवशी मात्र मला स्वतःच्या हुशारीची फार घाई झाली होती.

सुभेदारांना बोलावून घेतले. ते खुर्चीत ताठ बसले.

"गाडी वर्दीवर होती का?" मी विचारले.

"व्हय. वर्दीच घिऊन निघालो हुतो."

"कोणाची वर्दी?"

"पाटलाची. त्येंचा माणूस हुता की संगं."

"पैसे किती ठरले होते?"

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "पैसं? आवं सायेब, असल्या कामाचं कुणी पैसं घेतंय व्हय?"

उडवाउडवी करतोय, असे मी मनाशी ठरवून टाकले. असले काम म्हणजे कसले, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. 'गाडी गावच्या पाटलांच्या वर्दीवर होती,' असा जबाब हवालदाराला सांगितला, त्याने तो लिहिला आणि सुभेदारांनी न वाचता सही केली. वाचून दाखवण्याचा नियम होता. बाहेर मोर्चाच्या बंदोबस्ताची गडबड होती, वाचून दाखवणे राहिले.

कंपनीने दावा फेटाळला. सुभेदार पुन्हा ठाण्यात आले.

"कंपनी म्हणती, गाडी भाड्यानं हुती. तुमीच लिवून दिलंय म्हणं. मी तसं बोललो न्हाई, सायेब."

"इथे सगळे असेच म्हणतात," मी म्हणालो. "सही तुमचीच आहे ना?"

"व्हय, सही माजीच हाय," एवढे बोलून ते निघून गेले. कराडच्या गॅरेजवाल्याने मोटार आवाराच्या कडेला ढकलून ठेवली. येताजाता ती मला दिसे, आणि आपण एक लबाडी पकडली याचे समाधान वाटे. हे लिहिताना आज शरम वाटते.

सात-आठ महिन्यांनी चोरीच्या एका तपासासाठी मी शेजारच्या, सांगली हद्दीतल्या ठाण्यात गेलो होतो. जुन्या तारखा ताडून बघताना अकस्मात मृत्यूचे रजिस्टर उघडले. विहीर खोदताना दरड कोसळून एक माणूस गेल्याची नोंद होती. तारीख अपघाताचीच. वर्दी देणारे म्हणून सुभेदारांचे नाव, सोबत पोलीस पाटलाचा माणूस. शेवटी शेरा होता: 'वाटेत मोटारीस अपघात झाल्याने वर्दी देण्यास विलंब.'

ठाण्यात दिलेल्या खबरीला आम्ही वर्दीच म्हणतो. रोज दहा वेळा तो शब्द माझ्या तोंडी होता. एका निवृत्त सैनिकाने पोलिसापुढे पोलिसांचाच शब्द वापरला, आणि मी तो टॅक्सीवाल्याच्या कानाने ऐकला. त्या गावाहून त्या ठाण्याला जाणारा रस्ता आमच्याच हद्दीतून जात होता, हेही मला सुचले नाही. मोटार मोडल्यावर सुभेदार उरलेली वाट चालत गेले होते.

त्याच दिवशी कंपनीला माझी चूक कळवली, रजिस्टरचा उतारा जोडला. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. चार खेटे घातल्यावर दुरुस्तीची मंजुरी आली. ते पत्र घेऊन मी स्वतः सुभेदारांच्या गावी गेलो.

त्यांनी पत्र वाचले, नीट घडी घातली. मी म्हणालो, "सुभेदार, सही करण्याआधी जबाब वाचायचा होता हो."

"फौजदारानं लिवलेलं तपासून बघायचं असतंय, ते आमाला कुठं ठावं?" ते शांतपणे म्हणाले. त्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

"एसटीनं दोनदा मिरजेला नेलं हिला," ते पुढे म्हणाले. "वाटंत लय वकायची. मग म्हणाली, गाडी नीट झाल्यावर जाऊ."

एवढ्यात आतून त्यांच्या पत्नी दारात आल्या. हात चौकटीवर होता.

"कोण आलंय वं?"

"फौजदार सायेब आल्यात. गाडीचं काम केलं त्येंनी."

"देव भलं करो तुमचं," त्या भलत्याच दिशेला बघत म्हणाल्या. "बसा, च्या ठिवते."

मी नको म्हणालो, पण त्या वळल्या होत्या. भिंत चाचपत त्या चुलीपर्यंत गेल्या. साखरेचा डबा दोनदा हुकला, तिसऱ्यांदा सापडला. सुभेदार उठले नाहीत. तिला मदत केलेली आवडत नाही, असे हळूच म्हणाले.

त्यानंतर तीस वर्षे एकही जबाब मी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सहीला पुढे केला नाही. लोक त्याला माझी शिस्त म्हणत. त्या दिवशी तो चहा मी सगळा प्यालो, आणि चांगला झालाय असे त्या बाईंना सांगितले.