खोडकिडीचा जाणता माणूस

चौऱ्याहत्तर साल असंल. माझी थोरली अकरावीत होती. उसाची खोडकीड बरणीत पाळून रोज वहीत लिहायची. शाळेतले सर म्हणाले, "हिला आता माझ्यापेक्षा जाणता माणूस पाहिजे. सांगलीच्या कॉलेजात एक प्राध्यापक आहेत, त्यांना भेटा."

मला वाटलं, काम म्हटलं की चिठ्ठी लागते. सरपंचाची चिठ्ठी आणि नारळ घेऊन मी एकटाच गेलो. प्राध्यापकांनी चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "मुलगी कुठाय? वही कुठाय? तिला नेमकं काय विचारायचंय?" मला काय ठाऊक! नारळ घेऊन परत आलो.

बायको लय हसली. "आवं, शिकायचं तिला हाय. तुमी काय नवरा बघाय गेलता व्हय?"

पुढच्या आठवड्यात तीच पोरीला घेऊन गेली. तिला अक्षरओळख नव्हती. तरी दर महिन्याला प्राध्यापकांकडे जायचं ठरवून दोघी आल्या.

परवा बायकोचं वर्षश्राद्ध झालं. पोरीला विचारलं, "तुझी आई त्या साहेबाशी काय बोलली गं?"

"काहीच नाही. ती बाहेर बाकावर बसली होती. मीच बोलले."

नुसतं बाकावर बसायचं होतं? मग ते मला का सुचलं नाही? आता हे विचारू कुणाला?