कोरगावच्या डोंगरावरचा कुकारो

भूत, चकवा, राखणदार... यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही. डिचोलीत माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मोटार कण्हायला लागली की कान लावायचा आणि बिघाड कुठे ते सांगायचं, हाच माझा धंदा. आवाज आला म्हणजे त्याला कारण असणारच, असं मी छातीठोकपणे सांगत आलो. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

आम्ही सर्वणला राहतो. गेल्या काजूच्या मोसमात माझ्या बायकोने, सुलभाने, कोरगावच्या मौन शिबिराचं खूळ काढलं. कोरगाव तिचं माहेर. शिबिराची जागा तिच्या वडिलांच्या काजूबागेला लागूनच; बाबा वारल्यापासून ती बाग तशीच पडून आहे. माझं बीपी वाढलेलं, डॉक्टरही 'जरा शांत राहा' म्हणत होते.

"तुमी आणि गप? माका ता बघूचाच आसा!" सुलभा हसत म्हणाली, आणि आधी कोण बोलतं यावर आम्हा दोघांची पैज लागली. आता तिची बडबड अख्ख्या वाड्याला ठाऊक... पण मी त्या दिवसापासूनच गप्प राहायचा सराव सुरू केला.

शिबिरात मोबाईल काढून घेतले. सकाळी पेज-लोणचं, मग घंटा, मग डोळे मिटून बसणं. उन्हं कलली की डोंगरावर एका रांगेत सावकाश चालायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

अशाच एका दुपारी खालच्या बागेतून कुकारो आला. कूऽऽऊऽऽ... बाहेरच्या वाचकांना सांगतो — काजू वेचताना माणसं डोंगरावर लांब लांब पांगलेली असतात. म्हणून एकाने अशी लांब साद घालायची, दुसऱ्याने उलट द्यायची. उलट द्यायचीच. नाही दिली तर कुणी पडलं, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, असं समजून लोक धावत येतात. आणि प्रत्येक घराचा कुकारो वेगळा.

सुलभा जागच्या जागी थांबली. परत आला, या वेळी जवळून. तिचा चेहरा उतरला होता. मग पुन्हा आला, आणि त्यात अशी काही कळवळ होती की मीही वाकून खाली पाहिलं. सुलभाने तोंडाभोवती हात धरले आणि मोठ्याने उत्तर दिलं.

खाली सगळं गप्प झालं. पुढे चालणाऱ्या गुरुजींनी वळून ओठांवर बोट ठेवलं, रांग परत हलली. मला तर मनातून हसूच येत होतं. म्हटलं, घरी गेल्यावर हिला वर्षभर चिडवायचं.

शेवटच्या सकाळी मौन सुटल्याची घंटा झाली आणि सगळे एकदम बोलायला लागले.

"काय मॅडम, हरलात ना?" मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं. आवाज नाही. ती हसली, पुन्हा प्रयत्न केला. मग तिने गळा धरला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या दुपारपासून तिचा आवाज नव्हता... आणि सगळेच गप्प, त्यामुळे कुणाला, अगदी तिलाही, कळलं नव्हतं.

म्हापसा झालं, पणजी झाली. घशात कॅमेरा घालून पाहिला. सगळं नॉर्मल.

शेवटी मी तिच्या भावाला, दादाला, विचारलं की त्या बागेत कोण कुकारे घालतं.

"बाबा गेल्यापासून थंय कोण जायना, भावजी. आणि कुकारो आता घालता कोण? सगळ्यांकडे मोबाईल आसत."

तरी मी त्याला घेऊन भरदुपारी डोंगरावर गेलो. कारण शोधायचंच होतं. तोच कुकारो आला. आणि पलीकडच्या अंगाने त्याला उत्तर आलं.

दादाने माझा दंड धरला. "हो बाबांचो... आणि हो आमच्या सुलूचो!"

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. सुलभा सर्वणला, ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिचं तोंड मिटलेलं. आणि माझ्या मागच्या झाडीतून तिचा आवाज येत होता.

आता तो आमच्याकडे येऊ लागलाय. बाबांचा नाही, फक्त तिचा. संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला, आधी शेतापलीकडून, मग माडांतून... काल अगदी न्हाणीच्या मागे. तिलाही ऐकू येतो. तिने माझा हात घट्ट धरला आणि माझ्या ओठांकडे बोट दाखवलं. उत्तर द्या म्हणून.

दिलं तर तिचा आवाज परत येईल, की माझाही जाईल? तिला नेणारं काही आहे, की तिचा आवाजच घरी यायची वाट शोधतोय? मला खरंच काही कळत नाही. काल मी तोंडावर हात दाबून बसलो. पण आवाज तिचाच आहे हो... आणि किती महिन्यांत मी तो घरात ऐकलेला नाही.