सबनेटची वाटणी

मला बसून अभ्यास होत नाही. बसलो की पाय हलतात, पाय हलले की बाज करकरते, बाज करकरली की आई ओरडते. म्हणून नेटवर्किंगच्या परीक्षेचा सगळा अभ्यास मी अंगणात येरझाऱ्या घालत केला. इतक्या घातल्या की अंगणात चर पडला, आणि ग्रामपंचायतीनं मंजूर गटार म्हणून त्याचा फोटो काढून नेला. खोटं वाटत असेल तर चौसाळ्याला उतरा, कुणालाही विचारा.

परीक्षा तशी पहिल्या पायरीची. कंप्युटर एकमेकांशी कसे बोलतात, कुठली वायर कुठं लावायची, कुणाला कुठला नंबर द्यायचा, एवढंच. पास झालं की पुण्यात कुठल्यातरी कंपनीत चिकटायचं. वायर, स्विच, राउटर हे मी चहा पिता पिता पाठ केलं. गाडी रुतली ती सबनेटवर. सबनेट म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे पाडलेले लहान तुकडे. ते डोक्यात शिरायचं, पण टिकायचं नाही. बीडच्या क्लासमधले सर वैतागून म्हणाले, "घरातल्या कशाला तरी जोड की रे. वावराला जोड, जेवणाला जोड, पण जोड!"

मी वावराला जोडलं. दोनशे छप्पन नंबरांचं एक रान धरलं. त्याचे सारखे चार तुकडे, एकेकात चौसष्ट नंबर. प्रत्येक तुकड्यातला पहिला आणि शेवटचा नंबर कुणालाच देता येत नाही. ते दोन बांधात गेले. उरले बासष्ट. वा रे पठ्ठे! गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं हा मोठा चौकोन काढला, मधोमध आडवी-उभी रेघ ओढली आणि फिरत फिरत घोकायला लागलो. माझा आवाज असा की मी घोकायला लागलो की तिकडं मांजरसुंब्याला ट्रकवाले गाडी बाजूला घेतात, मागून ॲम्ब्युलन्स आली समजून.

"पहिला तुकडा आमचा! दुसरा तात्याचा! तिसरा पाहुण्यांचा, चौथा राखीव! कावून तोडायचं? तर तात्याकडचा गोंगाट आमच्याकडं येऊ नये म्हणून!"

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. आमचं सगळं एकत्र: एक रान, एक गोठा, एक चूल. आणि तात्या त्याच वेळी भिंतीपलीकडं म्हशीची धार काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ओसरीत तीन दगड मांडलेले, त्यात जाळ, आणि काकू वेगळ्या भाकरी थापतेय. आईनं ते बघितलं आणि ती हातातल्या कळशीसकट खाली बसली. आमच्याकडं भांडण झालं तर चालतं. मारामारी झाली तरी संध्याकाळी एकत्र जेवतात. पण चूल वेगळी झाली की पुढं मोजणीवाला येतो, मग वकील येतो, आणि मग भाऊ भावाच्या मयतीला तिऱ्हाइतासारखा उभा राहतो.

वडिलांनी मला ओसरीवर उभं केलं. तात्या खांबाला टेकून, तोंड फिरवून बसलेले.

"इच्यार त्याला, दादा," तात्या म्हणाले. "भिताडावर नकाशा काढलाय. माझा गोंगाट व्हतो म्हनं! ह्याला खांद्यावर बसवून जत्रा दावली, तवा न्हाई झाला गोंगाट?"

"तात्या, ती नंबरांची वाटणी हाय. रानाची न्हाई."

"नंबर कशाचे? गटाचे?"

"कंप्युटरचे."

"त्यात जागा किती?"

"जागाच न्हाई त्यात."

"जागा न्हाई, मंग बांध कशाला घातलास बे?"

मी जन्मात इतका घामाघूम झालो नाही. घरातले सगळे मोबाइल गोळा केले, एका परातीत मांडले, मध्ये काकूची खसखशीची डबी राउटर म्हणून ठेवली. एका तुकड्यातला निरोप दुसऱ्या तुकड्यात न्यायचा तर ह्या डबीतूनच न्यावा लागतो, असं घसा फुटेपर्यंत सांगितलं. वडिलांनी मान डोलावली. म्हशीनंसुद्धा डोलावली. तात्यांनी डबी उचलली, उघडून बघितली आणि काकूला परत दिली.

"समजलं," ते म्हणाले. "रानाचं न्हाई. पर मला येक सांग. पास झालास तर कुठं ऱ्हानार?"

"पुण्याला."

"मंग झाली की वाटणी."

मी परातीतले मोबाइल ज्याचे त्याला परत वाटायला लागलो. मी! ज्यानं वडवणीच्या बाजारात एकदा आंधळ्या बैलाचे गुण सांगून गिऱ्हाइकाला रडवलं होतं.

ओसरीतली चूल तशीच पेटत राहिली. तिचा धूर नाकात गेला की सबनेट डोक्यातून पळायचं. परीक्षेला संभाजीनगरला गेलो तर सेंटरवरच्या बाईंनी दोनदा सांगितलं, पाय हलवू नका, शेजारच्याचा कंप्युटर हलतोय. आणि स्क्रीनवर काय यावं? एका नेटवर्कचे चार सारखे तुकडे करा. मी डोळे मिटले तर समोर तीन दगड. उत्तर हातानं दाबलं, मी नाही.

शेवटी स्क्रीनवर आलं, पास. मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या बँकेचा सायरन वाजला.

पण एसटीत बसल्यावर तो आनंद मांजरसुंब्यापर्यंतही पुरला नाही. पास म्हणजे पुणं, आणि पुणं म्हणजे तात्यांचं म्हणणं खरं. घरी पोचलो तर काकू ओसरीत पीठ मळत होती. मी पाठीवरची बॅग न काढता पिठाची परात उचलली आणि तरातरा आत आईच्या चुलीपाशी नेऊन ठेवली.

"ठेव बे ती खाली!" मागून तात्या गरजले.

"तात्या, मी पास झालोय. माझं तोंड आता कमी व्हनार. उरलेल्यांच्या भाकरी एका चुलीवर बसतेत. दोन चुली पेटवायच्या तर मला इथंच ऱ्हाऊ द्या, दोन्हीकडं जेवतो. परवडंल का बघा."

पीठ हातालाच ठेवून काकू उंबऱ्यात उभी. तात्यांनी माझ्याकडं, मग वडिलांकडं बघितलं. मग ओसरीत गेले, जाळावर तांब्याभर पाणी ओतलं आणि धुरात खोकत आत येऊन वडिलांशेजारी पाटावर बसले.

"सनाला आला न्हाईस," ताट पुढं ओढत ते म्हणाले, "तर तुझा तुकडा माझ्या नावावर. मंग बस तुझा नंबर घिऊन."

आईनं पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी ती मोडली, पण घास उचलला नाही.

"पुन्यात भाकरी मिळती का रं?"

"मिळती की," मी म्हणालो. "बैलगाडीच्या चाकायवढी. दोघं लागतेत उचलायला."

पुण्यात मी तोवर एकदाही गेलो नव्हतो. तात्या हसले नाहीत. त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली, आणि मी ती उभ्या उभ्याच खाल्ली.