शेजारच्या टीव्हीवर फिलोमिना

आमच्या कॉम्प्युटरमधून पास्कोलने काहीही चोरलेलं नाही. भुईगावात त्या बिचाऱ्या शेजाऱ्याची जी बदनामी झाली, ती माझ्यामुळे.

झालं असं. नातीच्या बाप्तिस्म्याचे फोटो टीव्हीवर मोठे बघायचे होते, आणि नवा कॉम्प्युटर काही दाखवू देईना! मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, शेअर करायच्या सोयी त्यात मुद्दामच बंद असतात. फोटोंचा फोल्डर तेवढा उघडा, तोही आपल्या टीव्हीपुरता. बाकी हात लावू नका."

आमच्याकडे मागचं दार दिवसभर उघडं असतं. शेजारीण कालवणाची वाटी घेऊन थेट ओट्यापर्यंत येते. आणि हा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीलाच 'तू कोण?' म्हणून विचारतो! मला राग आला. समोर जेवढे चौकोन दिसले, तेवढ्यांवर खूण केली. सगळ्यांना सगळं खुलं! फोटो दिसले. (मी इंजिनिअरच्या थाटात चहा मागितला.)

आमचं वाय-फाय पास्कोलही वापरायचा, त्याचा टीव्हीही त्यावरच चालायचा. पासवर्ड मीच कुंपणावरून ओरडून दिला होता. आणि माझी बायको फिलोमिना, घशाच्या ऑपरेशनपासून गाणं सोडलेली, आमच्या लग्नाच्या पन्नाशीला चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सात गायचं म्हणून गुपचूप सराव करून त्याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होती. हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी रोझरीला सगळी आळी पास्कोलकडे जमली होती, आम्हीही. प्रार्थनेनंतर त्याने गीत लावायला टीव्ही सुरू केला. यादीत दिसलं ते पहिलं गीत लावलं.

टीव्हीतून फिलोमिनाचा आवाज आला. कापरा, फाटका. मग थांबला. "चुकलं. परत. ह्यांना कळलं तर हसतील..."

कोणी हसलं नाही. तेच तिला लागलं. ती उठून घरी आली. मागोमाग पास्कोल.

"फिलूबाय, देवाशपथ, मी एकच बटण दाबलं!"

"एका बटणाने लोकांच्या घरात शिरतात होय रे? चोर मेला! आता मी गाणारच नाही!"

मागचं दार बंद झालं. मी घाबरून कॉम्प्युटरवरचे सगळे चौकोनही बंद केले. मग आमच्याच टीव्हीवर काही दिसेना.

"बघा! नातीचे फोटोही नेले त्याने!" फिलोमिना म्हणाली. पास्कोलच्या नावावर दुसरी चोरी!

रविवारी मुलगा आला. "पप्पा, कोणी खेळ केला यात?"

"अपडेट आलं असेल," मी म्हणालो.

खिडकीतून पास्कोल दिसत होता. खाली मान घालून केळींना पाणी घालत होता. आमच्याकडे बघतही नव्हता. मला राहवेना. दोघांना सगळं सांगून टाकलं.

मुलाने दोन मिनिटांत फोटो दिसते केले. फक्त फोटो, फक्त आमच्या टीव्हीवर. फिलोमिनाने तांदळाची सांदणं वाफवली. भरलेला डबा घेऊन पास्कोलकडे जाऊन आली आणि मला म्हणाली, "मिस्सात आता तुम्ही गायचं."

गायलो! दुसऱ्या ओळीला फादरांनी डोळे मिटले (भक्तीने नव्हे). तिसऱ्या ओळीला फिलोमिना ताडकन उठली, मला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः गायली. तोच फाटका आवाज. पण शेवटपर्यंत! माझ्या डोळ्यांना धार लागली.

बाहेर पास्कोलने माझा हात हातात घेतला. "दादा, फिलूबायचा आवाज डॉक्टरांनाही परत आणता आला नाही. तुम्ही तीन ओळींत आणलात. चौथी कोणालाच सोसली नसती!"