घरचा आवाज

बमरोलीच्या यंत्रमाग वस्तीत कॅसेट भरून देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक कॅसेटचं तो एक कार्ड करायचा. गायक, चित्रपट हे रकाने सगळेच करतात. त्याचे स्वतःचेही होते. ‘कधी लावायची’ याखाली एकदा ‘सासू गावी गेल्यावर’ असं लिहिलेलं मी पाहिलं. शेवटचा रकाना ‘घरचा आवाज’. लूमवरची माणसं कॅसेटवर बोलून खानदेशात पत्रं पाठवायची, म्हणून जुनी कॅसेट पुसण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा.

पत्नी गेल्यावर महिन्याभराने मी भजनं भरायला एक कॅसेट दिली.

"सर, यामा घरना आवाज नही ना?"

मी कॅसेट न ऐकताच म्हणालो, "नाही."

भरलेली कॅसेट घरी आणली, तेव्हा तिचं रिकामं कव्हर सापडलं. आत बायकोच्या अक्षरात ‘तुमच्यासाठी’. आजारपणात तिने खिचडीपासून सगळं मला सांगून ठेवलं होतं; या कॅसेटवर ती काय बोलली होती, ते मी ऐकलंच नव्हतं.

मी परत गेलो. तो रागावला नाही. कॅसेट लावून त्याने एक बाजू ऐकवली.

"दुसरी बाजू बी ऐकू, सर."

दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत भजनंच होती. त्याने कार्डावरचं ‘नाही’ खोडून ‘होता’ लिहिलं. मग पुन्हा कोणी काही पुसू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही पट्ट्या मोडून कॅसेट माझ्या हातात दिली.