आठच्या आधी लावलेला गळ

रंगपंचमीच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, बस्तीच्या देवळामागच्या तळ्यावर, मी आयुष्यातला पहिला गळ टाकला आणि पहिल्याच फटक्याला सत्तर वर्षांची एक जैन म्हातारी पकडली.

पकडली म्हणजे अगदी पकडली. तळं माझ्यासमोर चांगलं अर्धा मैल पसरलेलं होतं. नेम चुकायला जागाच नव्हती. पण शिमग्यानंतरचा तो वारा पश्चिमेकडून असा काही गरगरत सुटला होता, की काठीच्या टोकाची आमिषाचा गोळा थापलेली स्प्रिंग पाण्याकडे जाता जाता हवेत थबकली, तिनं विचार बदलला आणि माझ्या डोक्यावरून मागे निघून गेली. मागे दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्यांवरून हातात पितळी ताटली घेऊन रत्नाबाई उतरत होत्या. गळ त्यांच्या पदरात बसला.

आणि मी (हे सांगताना आजही मान खाली जाते), दोरा ताणला गेलेला बघून मासाच लागला असं समजलो आणि मागे न बघता चरखी फिरवली. दोन पायऱ्या रत्नाबाई माझ्या दिशेनं आल्या. तिसरीवर त्यांनी हाक मारली.

"आरं कोण वढतंय मला?"

मी वळलो. त्याच वेळी बाळासो विहिरीवरून पाण्याचा डबा भरून येत होता. तो जागच्या जागी थांबला. डबा तिरका झाला आणि पाणी त्याच्या चपलांवर सांडायला लागलं तरी त्याला कळेना. बाळासोचं तोंड उघडं मी नेहमीच पाहिलं होतं, पण आतून आवाज येत नाही असं पहिल्यांदाच पाहिलं.

आता हा बाळासो कोण आणि त्याला एवढं काय झालं, ते सांगायला हवं.

बाळासो माझ्या घरामागच्या गल्लीत राहायचा. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत फिटर. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, तेव्हा त्याची पंचेचाळिशी उलटली होती. आवाज असा, की फौंड्रीत यंत्र बंद पडलं तरी ते चालू आहे असं मालकाला वाटावं. गल्लीत शिरताना तो कोपऱ्यावरूनच "जय भीम, जय भीम" करत यायचा, आणि तेवढ्यावर बायडाबाई, म्हणजे त्याची बायको, चहाचं आधण ठेवायची. त्याला दारूचं व्यसन नव्हतं, तंबाखूचं नव्हतं. एक मासे धरायचं होतं. बायडाबाईच्या मते दारूचं परवडलं असतं.

"दारुडा निदान घरात येऊन पडतोय," ती माझ्या बायकोला सांगायची. "ह्यो बाबा सुट्टीदिवशी पहाटे उठून माशाला लाडू वळतोय. मला वीस वर्सांत एक गुळाचा खडा हातानं दिला न्हाय."

लाडूच ते. भाजलेली शेंगपेंड, तांदळाचा कोंडा, गूळ, वर बडीशेपेची पूड. घमघमाट असा, की मी एकदा पुढं हात केला होता. हे सगळं तो एका स्प्रिंगवर थापायचा. ही स्प्रिंग त्यानं ट्रॅक्टरच्या मोडक्या सीटमधून काढून, कापून, स्वतः घडवली होती. बोटाएवढी जाड, वर तंगूसाचा दोरा बांधायला कडी, खाली आखूड दोऱ्यांवर चार बारके गळ. गळ त्या लाडवातच खुपसून ठेवायचे. स्प्रिंग तळाला जाऊन बसते, लाडू हळूहळू विरघळतो, वास पसरतो, मासे गोळा होतात, आणि खाता खाता एखाद्याच्या तोंडात गळ जातो. "पंगत मांडायची आनि त्यातला एक पावना ठिवून घ्यायचा," असं बाळासो त्याचं वर्णन करायचा.

रंगपंचमीला गल्लीतली पोरं मला बँकेचा माणूस म्हणून खास वॉर्निश लावतात. म्हणून त्या दिवशी मी बाळासोच्या लुनावर मागे बसून पळालो. वाटेत त्यानं एकच नियम सांगितला.

"आठ वाजूस्तर गळ लावायचा न्हाय. नुसती स्प्रिंग टाकायची."

"का?"

"म्हातारी येती."

मला वाटलं, एखादी वयस्कर जलदेवता वगैरे असेल. बाळासो असलं काही मानत नाही, हे मला ठाऊक असूनही वाटलं. मग बाळासो पाणी आणायला गेला. वारा सुटला होता, काठी हातात होती. बिनगळाची स्प्रिंग टाकायची म्हणजे पत्ता न घालता पत्र टाकण्यासारखं, असा विचार मी केला. त्याच्या सामानाच्या डब्यातले चार गळ काढले आणि बांधले. बाकीचं आपण पाहिलंच.

खरी हकीकत मला थोडी पुढच्या पाच मिनिटांत आणि बाकीची मागाहून कळली. ती अशी.

नऊ वर्षांपूर्वी बाळासो या पायऱ्यांवर पहिल्यांदा येऊन बसला. तळ्याला लागून गोमटेशअण्णांचा ऊस आहे. रत्नाबाई त्यांच्या आई. त्या रोज उजाडल्यावर तूपगूळ घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्या घेऊन यायच्या आणि माशांना घालायच्या. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून पायरी न्याहाळत उतरायच्या, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मुंगीच काय, पायरीही दिसत नसे. त्यांना एवढंच दिसलं, की एक माणूस बसलाय, गुळाचा वास येणारे गोळे वळतोय आणि कसल्याशा यंत्रानं ते लांब पाण्यात टाकतोय.

"कुनाचं रं तू? लई पुन्याचं काम करतुयास बघ," त्या म्हणाल्या. "माझा हात आतल्या माशास्नी पोचत न्हाय. तुझं यंत्र पोचतंय."

बाळासोनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण रत्नाबाईंनी तोवर आपल्या ताटलीतली अर्धी कणीक त्याच्या हातावर ठेवली. "ही बी टाक, बाबा, लांब." तूप अजून कोमट होतं. बाळासोनं तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी सात ते आठ त्यानं गळ काढून ठेवला. मग तो रिवाजच पडला. सकाळपाळी नसली की तो तळ्यावर. सात ते आठ दोघं शेजारी बसून मासे जेवू घालायची. ती काठाला, तो आत. ती त्याला नातवंडांच्या तक्रारी सांगायची, तो तिला फौंड्रीतल्या. तो आक्का म्हणायचा, ती बाळू म्हणायची. आठला रत्नाबाई उरलेली कणीक "दुपारी टाक" म्हणून त्याच्यापाशी ठेवून वर गेल्या, की मग डब्यातले गळ बाहेर निघायचे.

गेला महिनाभर रत्नाबाई आल्या नव्हत्या. बाळासोला वाटलं होतं, आजारी असतील. त्या दिवशी त्या मोतीबिंदू काढून आल्या, आणि नाकावर जाड काचांचा नवा चष्मा होता.

त्या चष्म्यातून त्यांनी आधी पदर बघितला. मग मला.

"तू कोण?"

"मी... बँकेत असतो," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

बाळासो डबा टाकून धावत आला आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. स्प्रिंग हातात घेतली. चारातले तीन गळ पदरात रुतले होते. लुगडं फाटू नये म्हणून तो फिटरच्या बोटांनी एकेक दोरा बाजूला सारत गळ सोडवायला लागला. रत्नाबाई वाकून बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाळासोचं तोंड नीट बघत असाव्यात.

"हे तुझंच यंत्र न्हवं, बाळू?"

"व्हय, आक्का."

"मग ह्येला हे आकडं कशाला?"

चूक माझी होती. निस्तरायची जबाबदारीही माझी होती. मी पुढे झालो. "आज्जी, ते कणीक घट्ट बसायला असतात. वाऱ्यानं सांडू नये म्हणून."

मला वाटतं, हे चांगलं खोटं होतं. बँकेत मी याहून वाईट खोटी पचवली आहेत. रत्नाबाईंनी मान हलवलीसुद्धा. बाळासोनं फक्त "व्हय" म्हणायचं होतं.

त्यानं पहिला गळ सोडवून पायरीवर ठेवला.

"गळ हाय त्यो, आक्का. मासं धरतो मी."

रत्नाबाईंच्या हातात ताटली तशीच होती. वाऱ्यानं त्यांचा पदर फडफडत होता, आणि बाळासो तो धरून बसला होता.

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. तुमी यायच्या आदीपासनं."

"मी असताना तर कधी..."

"तुमी हाय तवर काडून ठिवतो. आठ वाजता लावतो."

दुसरा गळ निघाला. मी रत्नाबाईंच्या मागून बाळासोला हातवारे करत होतो, की बस कर, आता इथं थांब. तो माझ्याकडे बघेना.

"आनि मी ठिवून जाते ती कणीक?"

बाळासोचे हात थांबले. मी डोळे मिटून घेतले.

"तीच लावतो. तुमच्या तुपाला कटला लई येतो, आक्का."

रत्नाबाई खाली बसल्या. बसल्या म्हणजे पाय गेले आणि पायरी आली. मी आधार द्यायला पुढे झालो, तर त्यांनी मला हातानं लांब केलं. ताटली मांडीवर घेतली. मग बारीक आवाजात विचारलं, "पर्युषणात बी?"

"न्हाय. ते धा दीस काठीच आनत न्हाय. सपत."

"तुझी सपत नगं मला."

पायऱ्यांशी पाणी हलायला लागलं होतं. रत्नाबाईंची चाहूल लागली होती की काय कोण जाणे, पण काठाला मासे आले होते. चांगले हातभर लांबीचे. पाण्याबाहेर गोल तोंडं काढून वाट बघत होते. ते त्यांना इतकं स्वच्छ नऊ वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

"मला वाटायचं, माझा हात वळखत्यात," त्या म्हणाल्या. "मी आले की येत्यात, असं गोमटेसला सांगायची मी. मी बलवायची बाळू, आनि तू धरायचास."

तिसरा गळ निघाला. पदराला एकही भोक पडलं नव्हतं. बाळासोनं पदर हातानं सारखा केला आणि उठून उभा राहिला.

"ऊठ हितनं," रत्नाबाई म्हणाल्या.

"उठलो की."

"परत ह्या काठाला बसू नगंस."

"न्हाय बसत."

"माझं नाव बी घिऊ नगंस कुठं."

"बरं."

आम्ही सामान गोळा केलं. मी डब्याची झाकणं लावत होतो, ती लागेनात. रत्नाबाई ताटली मांडीवर घेऊन तशाच बसून होत्या. टाकावं तर मासे इथंच थांबून गळाला लागणार, न टाकावं तर उपाशी जाणार. बाभळीपलीकडे गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. त्या आमच्याकडेच बघत होत्या. आम्ही काठीसकट चांगले लांब गेलो याची खात्री झाल्यावर पहिली गोळी पाण्यात पडली.

मला वाटलं, आता घरी. पण बाळासो चालत राहिला आणि तळ्याला वळसा घालून बांधाच्या बाजूला गेला. तिथं वारा सरळ तोंडावर. कुणी गळवाला त्या बाजूला बसत नाही, कारण टाकलेली स्प्रिंग वाऱ्यानं परत आपल्याच पायाशी येते. बाळासो बसला. टाकली. पायाशी आली. परत टाकली.

दिवसभर हेच चाललं. पेंडीचे लाडू वाऱ्यानं हवेतच सुटायचे आणि आमच्या अंगावर यायचे. रंगपंचमी चुकवायला आलेला मी संध्याकाळपर्यंत गूळकोंड्यानं माखलो. मी माफी मागितली. पुन्हा मागितली. दुपारी भाकरी सोडताना मागितली. शेवटी तो म्हणाला, "गप बसा सायेब, मासं बुजत्यात." मासे कुठं होते बुजायला?

एरवी बाळासो गळ टाकून बसला की गप्पांना खळ नसायचा. मासा लागला तर मासा, नाही लागला तर फौंड्रीतल्या मुकादमाची टिंगल. त्या दिवशी तो फक्त लाडू वळत होता आणि टाकत होता. मध्येच एकदा बोटं नाकाशी नेऊन वास घेतला आणि हात पँटला पुसला. पलीकडच्या पायऱ्या इथून दिसत होत्या. आठनंतर तिथं कुणी नव्हतं, तरी तो बघत होता.

चारच्या सुमाराला एक चिलापी लागली. तळहाताएवढी. बाळासोनं ती सोडून दिली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. त्यानं ती पिशवीत टाकली.

ऊन उतरलं तरी वारा पडला नाही. बाळासोनं काठ्या बांधल्या आणि लुनाला अडकवल्या. मी मागे बसलो. तो किक मारेना. पायऱ्यांकडे बघत उभा होता. मला राहवलं नाही.

"बाळासो, मी तुम्हाला इतका चांगला हात दिला होता. त्यांनी मानही हलवली होती. एवढं एक खोटं बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्यानं किक मारली.

"नऊ वर्सं त्येच बोलत हुतो की, सायेब."