पहिला ठोका त्याचा

देवाच्या सोयीगैरसोयीचा आमच्या घंटावाल्या बाबांइतका विचार करणारा दुसरा माणूस साऱ्या पश्चिम खानदेशात झाला नसेल, असे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. नवापूरपलीकडच्या डोंगरातील एका लहानशा ख्रिस्ती वस्तीत मी अठरा वर्षे शाळामास्तर होतो. शाळा आणि प्रार्थनामंदिर एकाच कौलारू खोलीत भरत. सहा दिवस बाके फळ्याकडे तोंड करून असत, रविवारी ती पवित्र मेजाकडे वळत. बाहेर महूच्या झाडाला आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा, आणि ती वाजवणारे ते बाबा. घरी ते आपल्या डोंगरी बोलीत बोलत, माझ्याशी बाजारात शिकलेल्या अहिराणीत. वय विचारले तर सांगत, "आगगाडी उनी, तवय माले दाढी व्हती." आगगाडी आली तेव्हा दाढी होती, याहून नेमकी नोंद मला हजेरीपटात कधीच करता आली नाही.

उपासनेसाठी दहा ठोके द्यायचे, असा नियम मी घालून दिला होता. बाबा दहाच देत; पण पहिला इतका हलका, की झाडावरची चिमणीसुद्धा उडू नये. मग ते डोके किंचित झुकवून थांबत आणि उरलेले नऊ असे हाणत, की पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकू लागत. मी घड्याळ काढून याचा खुलासा मागितला, तेव्हा ते म्हणाले, "पयला त्याना, मास्तर. बाकीना तुमना." त्यांच्या साऱ्या दिनक्रमाला हाच नियम लागू होता. विहिरीतून काढलेल्या पाण्याची पहिली ओंजळ त्याची, पेरणीत पाभरीने पाडलेले पहिले तास त्याचे. भातखाचरांच्या अरुंद बांधावरून चालतानासुद्धा बाबा अगदी कडेने चालत आणि त्यापायी दोनदा चिखलात पडले. "बाबा, मधून चाला ना," असे मी म्हटले, तर त्यांनी गुडघ्याचा चिखल पुसत विचारले, "मंग त्यानी कोठे चालानं?" एकदा मला त्यांना पेचात पकडण्याची लहर आली. ते बिडी पेटवत होते. "आणि पहिला झुरका?" मी विचारले. "नही, नही," बाबा गंभीरपणे म्हणाले, "त्याले बिडी नही चालत." "मग तुम्हाला कशी चालते?" "तो माफ करस," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून धूर सोडता झाले. "देव शे ना!"

दर शनिवारी मी प्रौढांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेई. 'प्रभू येशू कोण आहे?' हा पहिला प्रश्न, आणि 'तो खरा देव व खरा मनुष्य आहे' हे त्याचे उत्तर. बाबांना हे उत्तर कधीही सरळ देता आले नाही. प्रश्न विचारला, की ते त्या सकाळची हकिगत सांगू लागत: बकरी हरवली होती, त्याला सांगितले, ती नाल्यात सापडली. मी वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारी. अखेर त्यांच्यासाठी मी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे मनुष्याची लक्षणे लिहिली: भूक, थकवा, अश्रू, मरण. उजवीकडे देवाची: पापांची क्षमा, मेलेल्यांस उठवणे, आराधना स्वीकारणे. बाबांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी सारे वाचून दाखवले. ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मधली रेघ कोनी काढी?" "मी काढली." "पुसी टाका," ते म्हणाले. वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि फुली मारली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांची पत्नी वारली. घर रिकामे झाले, पण बाबांनी घंटेत एकाही रविवारी खंड पडू दिला नाही. महिन्यातून एकदा प्रभुभोजन होई, तेव्हा मात्र ते मेजाजवळ सर्वांच्या आधी येऊन बसत आणि शेजारी एक जागा रिकामी सोडत. विचारले तर म्हणत, "तठे मी नि ती, आम्ही दोन्ही सोबत जेवतस." मी याचीही मनातल्या मनात एक चूक म्हणून नोंद केली होती.

आता मुख्य गोष्ट. आमच्या डोंगरात जुनी रीत अशी, की नवे धान्य देवाला वाहिल्याशिवाय कोणी तोंडात घालायचे नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांनी ही रीत सोडली होती; निदान मी तसे समजत होतो. आश्विनात एका सकाळी शाळा उघडायला गेलो, तर प्रार्थनामंदिराच्या उंबऱ्यावर पळसाच्या पानात नव्या तांदळाचा भात ठेवलेला. त्यातून अजून वाफ निघत होती. बाबा चार पावलांवर हात जोडून उभे होते. मी शिस्तीचा माणूस. त्याच दिवशी नंदुरबारच्या पाळकसाहेबांना तीन मुद्द्यांचे पत्र लिहिले: मूर्तिपूजेची रीत, ती पवित्र स्थानी, आणि तीही घंटेच्या सेवकाकडून. उत्तर आले, की चौकशीसाठी येत आहे. दोष ठरल्यास एक वर्ष प्रभुभोजनास बसता येणार नाही. मी ते बाबांना वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, "वरीस म्हंजे बारा डाव ना?" बारा वेळा ते जेवण चुकणार होते. पत्र टाकल्याचा पश्चात्ताप मला त्या क्षणी प्रथम झाला.

पाळकसाहेब शनिवारी बैलगाडीने आले. महूखाली सारी मंडळी बसली. साहेब मृदू स्वभावाचे, पण प्रश्नाला पक्के. "बाबा, तो भात कोणासाठी होता?"

"त्याना साठे."

"त्याला भूक लागते का?"

"मरीसन उठना, तवय मासा खादा ना त्यानी? मास्तरनीच वाचेल शे."

पुनरुत्थानानंतर प्रभूने मासा खाल्ल्याचा उतारा मीच उपासनेत वाचला होता. मी मान खाली घातली. साहेब हसले नाहीत. "बरे. आपण चांगल्या गुरूलाही मान म्हणून शिधा देतो. हा तसाच शिधा म्हणायचा का?"

"नही," बाबा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "गुरूले काय, आपलं खाई झाल्यावर बी देता येस. मास्तरले मी काकड्या दिध्या, त्या घरना खाईसन उरेल व्हत्या." मंडळी हसली; काकड्या मला गोड लागल्या होत्या. बाबा थांबले नाहीत. "पन नवं धान पयले फक्त देवले. मन्हा बाप डोंगरना देवले दे. ते मी डोंगरना देवपासून लिधं आनि येशूले दिधं. हाऊ देव नही, तं मी चोर शे, साहेब. आनि मन्ही बायको? तिले मी याना हातमा दिधी शे. मानूसना हातमा दिधी असती का?"

 तोवरच्या साऱ्या वर्षांत त्या पहिल्या प्रश्नाचे इतके पूर्ण उत्तर माझ्या वर्गात कोणी दिले नव्हते, आणि मी त्याच माणसापुढे फुल्या मारत आलो होतो. पाळकसाहेबांनी माझे पत्र घडी करून मला परत दिले. मग बाबांना म्हणाले, "उद्या मेजाजवळ नेहमीच्या जागी बसा. आणि पुढच्या वर्षीपासून नवा तांदूळ उपासनेत आणा, साऱ्या मंडळीसमोर." बाबांनी जरा विचार केला. "आनसू. पन मंडळीले मांगून. पयले त्याले."

पुढच्या शनिवारी मी फळ्यावर ती दोन्ही प्रकारची लक्षणे पुन्हा लिहिली. रेघ आखली नाही. बाबांना मुद्दाम प्रश्न विचारला. ते म्हणाले, आज कोंबडीने अंडे दिले. मी बरोबरची खूण केली.

त्यानंतर पाच वेळा नवा तांदूळ मंदिरात आला. सहाव्या आश्विनात भात कापणीला यायचा होता, तेव्हा बाबा गेले. एक दिवस तापाने पडून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्याने येऊन सांगितले. कोणी वारले, की मंडळी जमवण्यासाठी घंटा द्यायची असे, आणि ती देणाराच आता नव्हता. मी महूखाली गेलो आणि हातोडी उचलली. घड्याळ खिशात होते. ते काढले नाही. पहिला ठोका अगदी हळू दिला. पाड्यांवर तो कोणालाही ऐकू गेला नसेल. डोके झुकवून थोडा वेळ थांबलो, आणि मग दुसरा दिला.